धानशेतीतील उंदरांचा बंदोबस्त : साऱ्या गावाचे काम

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा धानासाठी प्रसिद्ध आहे. येथील सुवासिक चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. परंतु शेतकरी रोवणीपासून जे पीक राखतो, त्यातील वाटा धुऱ्याखाली राहणारा उंदीर मुकाट्याने नेत असतो.

धानाच्या बांधीत मुख्यतः घुशीच्या कुळातील लहान, दणकट उंदीर आढळतो. त्याच्या बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग दिसतो. तो उभी ताटे तोडतो, लोंब्या बिळात साठवितो आणि धुरा पोखरून बांधीतील पाणीही वाहून जाऊ देतो. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेळी सहा-आठ पिले देते.

बिळे खणून, पाणी ओतून वा धूर देऊन उंदरांची शिकार करण्याची रीत जुनी आहे व ती उपयुक्तही आहे. मात्र एकट्याने केलेला प्रयत्न टिकत नाही. एका शेतातील बिळे रिकामी होताच शेजारच्या धुऱ्यावरील उंदीर तेथे बिऱ्हाड थाटतात. म्हणून सलग शिवारातील सर्व शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी. धान पोटरीत येण्यापूर्वीचा काळ यासाठी उत्तम होय. लोंब्या भरू लागल्यावर उंदीर आमिषाकडे फिरकत नाही.

मोहिमेचा क्रम असा ठेवावा :

१. पहिल्या दिवशी सर्व बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील, तीच वस्तीची बिळे समजावीत.

२. त्या बिळांत तेल लावलेली कणी विषाविना ठेवावी. उंदीर संशयी असतो. त्याला प्रथम सवय लागली पाहिजे.

३. चौथ्या दिवशी ९६ भाग कणी, २ भाग खाद्यतेल व २ भाग झिंक फॉस्फाइड यांचे मिश्रण, प्रत्येक बिळात सुमारे १० ग्रॅम, कागदाच्या पुडीत खोलवर ठेवावे.

४. पाचव्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत व बिळे बुजवावीत. जी पुन्हा उकरली जातील, त्यांत काही दिवसांनी ब्रोमाडिओलोनचे तयार आमिष वापरावे. कारण एकदा विषाने आजारी पडून वाचलेला उंदीर तेच आमिष पुन्हा खात नाही.

झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. मिश्रण काठीने करावे, घरातील भांडी वापरू नयेत, मुले व गुरे दूर ठेवावीत. विष पोटात गेल्यास क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

धुरे अरुंद व तणरहित ठेवल्यास उंदरांना थारा मिळत नाही. धामण व घुबड हे तर शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार. त्यांना मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा असून त्यात आपलेच नुकसान आहे.

सरपंचांनी ग्रामसभेत मोहिमेचा दिवस ठरवावा, कृषी कर्मचाऱ्यांनी मिश्रणाचे प्रात्यक्षिक दाखवावे आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना विषापासून दूर राहण्याची शिकवण द्यावी. उंदीर शेताची हद्द मानीत नाही. त्याचा बंदोबस्त करतानाही हद्द विसरून साऱ्यांनी एकत्र आले पाहिजे.