रिझर्व्ह बँकेचे अधिकारी आले, ठेव मोडू का?

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेत काही दिवस रिझर्व्ह बँकेचे अधिकारी बसून आहेत. गावात कुजबुज चालू आहे. ठेव मोडावी का? – एक ठेवीदार, कराड

उत्तर : कराड जनता बँकेचा परवाना डिसेंबर 2020 मध्ये रद्द झाला. ते पाहिलेल्या गावाला धास्ती वाटणारच. पण नुसत्या तपासणीवरून ठेव मोडू नका. बँकिंग नियमन कायदा, 1949 च्या कलम 35 नुसार होणारी ही तपासणी चांगल्या बँकांचीही होते.

बँकेची विवरणपत्रे आणि मागचा अहवाल वाचूनच अधिकारी येतात. खरी गोम कर्जाच्या फायलींत असते. मार्चअखेर नवे कर्ज मंजूर होते, त्याच पैशातून जुन्या खात्याचा थकलेला हप्ता भरला जातो आणि थकबाकी कागदावरून गायब होते. म्हणून दोन्ही खात्यांच्या तारखा ताडून पाहतात.

तपासणीत अडथळा आला, तर मात्र काळजी करा. साताऱ्याच्या जिजामाता महिला सहकारी बँकेचा 2016 मध्ये रद्द झालेला परवाना 2019 मध्ये अपिलात परत मिळाला. पुढे बँकेच्या असहकारामुळे फॉरेन्सिक ऑडिट अपुरे राहिले, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. ऑक्टोबर 2025 मध्ये परवाना पुन्हा गेला.

एका बँकेतल्या तुमच्या सर्व शाखांतील ठेवींना व्याजासह 5 लाखांपर्यंतच विमा आहे. त्यावरची रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवा, आणि सभासद असाल तर वार्षिक सभेत निव्वळ एनपीएचा, म्हणजे तरतूद वजा जाता उरणाऱ्या थकीत कर्जांचा, आकडा विचारा.