क्षमा केव्हा करावी?



प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज स्वतःलाच एक अट घालून घेतो. आपण इतरांना जशी क्षमा करतो, तशी देवाने आपल्याला करावी, असे आपण मागतो. पण घरभेटीला गेल्यावर प्रश्न येतो, "फादर, त्यानं इतकं केलं, तरी मीच माफ करायचं का?" असे विचारणारा माणूस हट्टीच असतो असे नाही. पुष्कळदा तो न्याय मागत असतो. त्याला 'सोडून द्या' एवढेच सांगून भागत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. कोणाच्या हातून नकळत नुकसान झाले, तर आपण ते समजून घेतो. तेथे दोषच नसतो, म्हणून क्षमेचा प्रश्नही येत नाही. दोष आहे, तो त्याचाच आहे, हे दोघांनाही ठाऊक असते, तेथे क्षमेला सुरुवात होते. 'जाऊ द्या, काही झालंच नाही' असे म्हणणारा क्षमा करीत नाही, तो विषय टाळतो. (लग्नात भांडलेल्या भावांना फोटोपुरते शेजारी उभे करतात, तो समेटही याच जातीचा!)

आता शुभवर्तमान पाहू. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू सांगतो की, भावाने अपराध केला तर त्याला तो दाखवून द्या आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा करा, मग तो दिवसातून सात वेळा परत आला तरी. येथे पश्चात्तापाची अट स्पष्ट आहे. पण तेविसाव्या अध्यायात तोच येशू क्रुसावरून मारेकऱ्यांसाठी प्रार्थना करतो, आणि त्यांनी तर पश्चात्ताप केलेलाच नव्हता. हा विरोध नाही. क्षमेत दोन गोष्टी असतात. सुडाची इच्छा सोडणे हे माझ्या एकट्याच्या हातात आहे आणि ते मी आजच करू शकतो. तुटलेले नाते पुन्हा जोडणे मात्र दोघांचे काम आहे. तेथे दुसऱ्याने आपला दोष कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी मध्य प्रदेशात, उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमधून ओढून हत्या झाली. गरिबांना सावकारी पाशातून सोडवण्याचे त्यांचे काम काहींना खुपत होते. मारेकरी समुंदर सिंग याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या धर्मगुरूंनी तुरुंगात त्याची भेट घेतली, तो बदलला, आणि 2002 साली राणी मारिया यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. 2006 साली तो सुटला. नंतर तो केरळात त्यांच्या आईलाही भेटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. यातला एक तपशील आपण विसरतो. राखी बांधली गेली तेव्हा तो शिक्षा भोगत होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही 1981 साली आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्याला काही दिवसांतच क्षमा केली, तरी तो 2000 सालापर्यंत इटलीच्या तुरुंगात होता. क्षमा आणि शिक्षा एकत्र राहू शकतात.

घरातल्या दुखावण्याचे काय? त्यासाठी आपल्या नगर जिल्ह्याचेच उदाहरण आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या कॅथलिक मंडळीतले नव्हते, तरी ते आपलेच. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळले. श्रद्धा स्वीकारणे हा अपराध नव्हे, पण त्या बाईंवर काय कोसळले असेल! काही वर्षे ताटातूट झाली. त्यानंतर त्या पतीकडे आल्या, त्याही आपले सोवळे-ओवळे आणि आपली चूल सांभाळून. 1900 साली त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. परतीची वाट एका दिवसात चालावी लागत नाही, हे मला त्यांच्याकडून शिकावेसे वाटते. 'माफ केलंस ना, मग आजपासून सगळं पूर्वीसारखं' असे घाईने म्हणणारे वडीलधारे पुष्कळ नुकसान करतात.

आणि काही ठिकाणी तर परत जा म्हणणेच चूक आहे. मार खाणाऱ्या मुलीला 'ख्रिस्ती आहेस, क्षमा कर' म्हणून सासरी धाडणे हे शुभवर्तमान नव्हे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्यासाठीच आहे. लहान मुलावर अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाच्या वतीने परस्पर क्षमा करण्याचा अधिकार आई-वडिलांना नाही, धर्मगुरूलाही नाही.

आता नेहमीची गोष्ट घेऊ. समजा, तुम्ही मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलात. त्याने हप्ते थकवले आणि तीन वर्षे तुमच्या पगारातून कपात झाली. आज तो मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभा आहे आणि माफी मागतो आहे. त्याला दारातून परत पाठवू नका, चहा द्या. पण पैशांचा विषयही काढा. जामीनदाराने फेडलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क 1872 च्या करार कायद्याने दिला आहे, आणि तो वापरण्यात ख्रिस्ताविरुद्ध काही नाही. जक्कयाने येशूसमोर नुसते 'चुकलो' म्हटले नाही, फसवून घेतलेल्याच्या चौपट परत देण्याचे कबूल केले. मित्राची ऐपत नसेल, तर महिन्याला पाचशे रुपये ठरवा आणि वहीत लिहा. पुढे कधी उरलेली रक्कम तुम्हाला सोडून द्यावीशी वाटली, तर तुम्ही ती सोडू शकता. फक्त ते तुम्ही ठरवायचे, त्याने नव्हे. लग्नाला मात्र जा.