गाडी पाणी पिते, म्हणजे काय होते?

मलकापूरच्या महामार्गावरील गॅरेजांत एक तक्रार ठरलेली असते. "मेस्त्री, गाडी पाणी पिते. उभी असताना खाली थेंबही दिसत नाही, पण घाटात काटा लालावर जातो." गाडी बहुधा जुनी मारुती ८०० असते. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या मोटारीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. घाट बहुधा कुंभार्लीचा. चिपळूणहून कोयनानगरकडे येताना तो चढावा लागतो.

विद्यार्थीमित्रांनो, पाणी नाहीसे होत नाही. ते कुठून तरी बाहेर पडते. कुठून, हे ओळखायला पान्यांच्या आधी थोडे पदार्थविज्ञान हाताशी हवे.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ८००० किलोकॅलरी उष्णता निघते. ढोबळ मानाने तिचा तिसरा हिस्सा इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरतो. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचे ३५ लिटरांहून अधिक पाणी उकळू लागेल, आणि छोट्या गाडीत पाणी असते जेमतेम चार लिटर! तेच पाणी पंपाने रेडिएटरमधून पुनःपुन्हा फिरवून हवेवर निववावे लागते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, पण गाडी हळू असल्याने समोरून वारा कमी मिळतो. म्हणून दोष घाटात उघडा पडतो.

आता रेडिएटरच्या झाकणाकडे पाहा. ते प्रेशर कुकरच्या झाकणासारखे काम करते. कराड-मलकापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे; येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांना उकळते. झाकणाची स्प्रिंग आत सुमारे ०.९ वातावरण इतका जादा दाब राखते, त्यामुळे उकळबिंदू ११८ अंशांच्या आसपास जातो. झाकणाखालची रबरी चकती कडक झाली किंवा चिरली की हे वीस अंश हातचे गेले. मग घाटात सिलिंडरच्या डोक्याशी वाफ होते, ती पाणी ढकलते आणि ते बाजूच्या बाटलीतून ओसंडून चालत्या गाडीखाली रस्त्यावर सांडते. गाडी घरी उभी असताना थेंब दिसत नाही, तो याचमुळे! कित्येकदा शेकड्यांत मिळणारे झाकण सोडून हजारोंचा रेडिएटर बदलला जातो, याचे मला नेहमी नवल वाटते.

झाकणात आणखी एक बारीक झडप असते. ३० अंशांवरून ९० अंशांवर जाताना पाणी सुमारे तीन टक्के फुगते. चार लिटरांमागे चहाच्या कपाएवढे. ते बाटलीत जाते आणि इंजिन निवल्यावर आतल्या ओढीने परत येते. सकाळी थंड गाडीत बाटली भरलेली पण रेडिएटर रिकामा दिसला, तर ही झडप अडकली आहे किंवा बाटलीकडची नळी चिरली आहे.

ही पाहणी थंड गाडीतच करावी. तापलेले झाकण उघडले की दाब एकदम उतरतो. ११८ अंशांचे पाणी ९८ वर येताना दर लिटरमागे २० किलोकॅलरी सुटतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात, म्हणजे तत्क्षणी सुमारे ३७ ग्रॅम वाफ होते. तिचे आकारमान साठ लिटरांहून अधिक! ती उकळते पाणी घेऊन तोंडावर येते. भिजलेले फडके हातात असले म्हणून ती थांबत नाही. इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबा आणि वरच्या होज पाइपला हात लावता आला तरच झाकण फिरवा.

झाकण ठीक असेल तर गाडी केव्हा तापते ते पाहा. गर्दीत उभी असताना तापते पण महामार्गावर निवते, तर विजेचा पंखा किंवा त्याचा स्विच दोषी. उलट, गावात ठीक आणि वेगात तापते, तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याचा संभव अधिक. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले की पाणी तापवण्याच्या भांड्यात बसतो तसाच पांढरा थर नळ्यांत बसतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंटच घालावे. (कूलंट गोडसर पण विषारी असते, सांडलेले कुत्र्या-मांजरांना चाटू देऊ नका.) सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढला, वरचा पाइप मात्र गारच राहिला, तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकला आहे. पंपाखाली ओघळाचा डाग दिसला तर पंपाचे सील गेले.

यांपैकी काहीच नसेल तर संशय हेड गॅस्केटवर. थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, कारण सिलिंडरमधला जळलेला वायू पाण्यात शिरतो. इंजिन तापल्यावरही मागून पांढरा धूर येत राहतो. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर पाणी तेलात उतरले आहे. अशी गाडी चालवत नेऊ नये, ओढून न्यावी. पाणी मिसळलेल्या तेलावर बेअरिंगे फार काळ तग धरत नाहीत.