उजेडाने कॅन्सर मरतो, पण कुठवर?

‘लेझरच्या उजेडाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी मरतात असं वाचलं. मग आईचं ऑपरेशन पुढे ढकलू का?’ अशा प्रश्नाला माझं उत्तर एकच: ढकलू नका. वाचलेलं मात्र खोटं नाही.

या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की ॲक्रिडीन या रंगात ठेवलेले सूक्ष्म जीव उजेडात चटकन मरतात, अंधारात तगतात. तत्त्व आजही तेच आहे. शिरेतून दिलेलं औषध गाठीत साठून राहतं. मग दुर्बिणीतून बारीक फायबर आत सरकवून गाठीवर लाल उजेड टाकतात. औषध ती ऊर्जा पेशीतल्या ऑक्सिजनला देतं आणि तो ऑक्सिजनच पेशीचा घात करतो. यात भाजणं, जाळणं काही नाही.

फोटोफ्रिन या औषधाला अमेरिकेत १९९५ साली अन्ननलिका अडवणाऱ्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. मोठ्या आतड्यासाठी मात्र हा नेहमीचा उपचार झालेला नाही. अडचण खोलीची आहे. अंधारात मोबाइलची बॅटरी बोटांखाली धरा, वर फक्त लाल उजेड येईल. तोच त्यातल्या त्यात आत शिरतो, पण उपचारापुरता जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर. आतड्याची भिंत ओलांडून यकृतात पोचलेला कॅन्सर त्याच्या टप्प्यात येत नाही.

शिवाय फोटोफ्रिननंतर निदान महिनाभर ऊन टाळायचं. सनस्क्रीन कामाचं नाही, कारण इथे त्रास साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचाच असतो. तरी घरात काळोख करून बसायचं नाही. घरातल्या सौम्य उजेडाने त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं.

हळदीतल्या कर्क्युमिनवरही असे प्रयोग झालेत, पण प्रयोगशाळेत, निळ्या दिव्याखाली. हळदीचं दूध पिऊन उन्हात बसू नका. (हे आधीच सांगून ठेवतो.)

उजेडाबद्दल विचारणाऱ्यांपेक्षा शौचावाटे रक्त गेलं की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने मलम लावणारे रुग्ण मला जास्त काळजीत टाकतात. रक्त जात असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल किंवा पाळी थांबल्यावरही हिमोग्लोबिन उतरत असेल, तर डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, सापडला तर बहुतेक वेळा तो त्याच तपासणीत काढता येतो.