सहा व्होल्टांचे साडेआठ कसे झाले ?

गतवर्षीं विज्ञान-प्रदर्शनास चार दिवस उरले असतां आमच्या प्रयोगशाळेंत एक लहानसा अपघात घडला. नववीच्या एका विद्यार्थ्यानें कुंडींतील मातीचा ओलावा ओळखून आपोआप पाणी सोडणारें यंत्र तयार केलें होतें. त्यांतील चिप ५ व्होल्टांवर चालणारी. नेहमीं सेल विकत घेणें परवडेना, म्हणून यंत्र भिंतीवरील विजेवरच चालवावें असें त्यानें ठरविलें, आणि हिशेब मांडला तो असा : ट्रान्सफॉर्मर ६ व्होल्टांचा, वाटेंतील दोन डायोड मिळून सुमारें १.४ व्होल्ट खातात, राहिले ४.६, तेव्हां चिपला धोका नाहीं. हिशेब त्यानें मला दाखविला, व घाईघाईंत मींही मान डोलाविली. बटण दाबतांच चिप तापली आणि कायमची निकामी झाली. मागाहून मीटर लावून पाहतों तों कांटा साडेआठांवर !

"सर, मीटर बिघडला असावा," तो म्हणाला. मीटर ठीक होता. आम्हां दोघांचाच हिशेब अपुरा होता.

आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्टांची व उलटसुलट वाहणारी असते. सेकंदांत ५० वेळां तिचें आवर्तन पुरें होतें. तिचा दाब एका जागीं स्थिर नसतो; तो शून्यापासून चढतो, शिखर गाठतो, उतरतो, आणि मग उलट दिशेनें तसाच चढतो-उतरतो. मग २३० हा आंकडा कशाचा ? २३० व्होल्टांच्या स्थिर दाबानें शेगडी जितकी तापेल तितकीच ती या चढत्या-उतरत्या दाबानें तापते, म्हणून तो आंकडा द्यावयाचा. शिखर मात्र त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारें ३२५ व्होल्ट असतें. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले ६ व्होल्टही याच जातीचे. त्यांचें शिखर साडेआठांच्या जवळ जातें.

आतां डायोड म्हणजे एकाच बाजूस उघडणारें दार, व कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी, असें समजा. शिखर आलें कीं दार उघडतें आणि टाकी कांठोकांठ भरते. दाब उतरूं लागतांच दार मिटतें. टाकींतलें मागें जाऊं शकत नाहीं. कोणी कांहीं घेतलेंच नाहीं तर टाकी शिखराइतकीच भरलेली राहणार. शिवाय ट्रान्सफॉर्मरवरील आंकडा पूर्ण भाराचा असतो. भार थोडा असला कीं तो छापल्याहून अधिकच देतो. म्हणून डायोडांनीं आपला वांटा घेतल्यावरही साडेआठ उरले.

मग त्याच ट्रान्सफॉर्मरपुढें ७८०५ ही दाब ५ व्होल्टांवर धरून ठेवणारी तीन पायांची चिप बसविली तर काम भागेल काय ? हें मला त्यानेंच विचारलें, आणि प्रश्न चांगला होता. या चिपला आंत निदान ७ व्होल्ट लागतात. पूर्ण भाराखालीं साडेआठांतून १.४ गेले कीं ७.१ उरतात, टाकी किंचित् रिकामी होतांच तेही पुरत नाहींत. जो दाब पहिल्या चिपला फार झाला, तोच दुसरीला थोडा !

म्हणून ९ व्होल्ट व १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला. ९ चें शिखर १२.७, डायोड वजा जातां ११.३. दोन्ही दिशांचीं मिळून सेकंदास १०० शिखरें येतात. त्यांच्या मधल्या अवधींत अर्धा अँपिअर घेतला तर १००० मायक्रोफॅरडची टाकी अदमासें ५ व्होल्टांनीं उतरते, २२०० ची सव्वादोनांनीं. दुसरीच घेणें शहाणपणाचें. तिजवर २५ व्होल्ट लिहिलेलें असावें, आणि तिची ऋण बाजू ऋणाकडेच जोडावी. उलट जोडलेली टाकी फुटते. सायंकाळीं घरची वीज २०० व्होल्टांपर्यंत उतरली तरी या मांडणींत ७८०५ ला सातांच्या वर मिळत राहतात. जास्तीचे व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतात, म्हणजे येथें अडीच वॅट. तेवढ्यानें ती चिप बोट ठेववणार नाहीं इतकी तापते; तिला ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनें आवळून बसवावी.

पालकांस एक विनंती. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टांची बाजू मुलांच्या हातीं देऊं नये. तो भाग जाणत्या मनुष्याकडून, फ्यूजसह, बंद पेटींत बसवून घ्यावा. आणि मोबाईलचा चार्जर "आंत काय आहे" म्हणून कोणी उघडूं नये. त्यांतील टाकी थेट भिंतीवरील विजेनें भरते; तिजवर ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो, व प्लग काढल्यावरही तो कांहीं काळ टिकूं शकतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत सेलच अधिक येतात, त्यामुळें तार काढली कीं वीज संपली अशी मुलांची समजूत होते.

नवी मांडणी पुरी झाल्यावर चिप जोडण्यापूर्वीं आम्हीं तिच्या जागीं १० ओहमचा, ५ वॅटचा रोध लावला. ५ व्होल्टांस तो बरोबर अर्धा अँपिअर घेतो. दहा मिनिटें मीटर पाहत बसलों. कांटा पांचांवरून हालला नाहीं. मीं म्हटलें, "आतां जोड." तो म्हणाला, "सर, अजून पांच मिनिटें थांबूं या," आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीजवळ हात नेऊन ती किती तापली आहे तें पाहूं लागला.