एक पॉइंट चार की चौदा?

जळगावच्या लॅबचा रिपोर्ट आला, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) १.४. पुढच्या खेपेला रक्त धुळ्यात दिलं, तिथला आकडा १४. नवऱ्याचा चेहरा उतरला, "दहापट वाढलं!" सासूबाई नवस बोलून मोकळ्या झाल्या. प्रत्यक्षात काडीचाही फरक पडला नव्हता. जळगावच्या कागदावर माप एका डेसीलिटरमागे मिलिग्रॅमचं होतं, धुळ्याच्या कागदावर एका लिटरमागे. लिटरात दहा डेसीलिटर असतात, एवढाच तो हिशेब. आकड्याशेजारी हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. तिकडे कुणाची नजर जात नाही.

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा दाहक संधिवात आहे. माहेर जळगाव, सासर धुळे, म्हणून फायलीत दोन्हीकडचे कागद. या आजाराचं निदान झालं की पुढचा कारभार मोजमापावर चालतो. आतली सूज सध्या किती पेटलेली आहे, त्यावरून गोळी तीच ठेवायची, बदलायची की इंजेक्शनांकडे वळायचं हे ठरतं. मोजण्यात घोळ झाला तर औषधातही होतो. औषध कोणतं ते तुमचे संधिवाततज्ज्ञ सांगतील. मी बोलतेय ते मापाबद्दल.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माप इंग्लंडमधल्या बाथ शहरात तयार झालं, १९९४ साली. त्याला बास्डाय म्हणतात. प्रश्न सहाच: थकवा किती, मान-पाठ-खुबा किती दुखतो, बाकीचे सांधे किती दुखतात वा सुजतात, दाबलं की दुखणाऱ्या जागांचा त्रास किती, सकाळी अंग किती आखडतं, आणि ते आखडणं किती वेळ टिकतं. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. आखडण्याच्या वेळेत दोन तास किंवा जास्त म्हणजे दहा, तास म्हणजे पाच. शेवटच्या दोन उत्तरांची सरासरी काढायची, ती पहिल्या चारांत मिळवायची आणि बेरजेला पाचाने भागायचं. चार किंवा त्यावर आकडा गेला की आजार सक्रिय धरतात.

प्रश्न गेल्या आठवडाभराबद्दल असतात, आणि घसरगुंडी होते ती इथेच. माझे डॉक्टर जळगावचे. धुळ्याहून सकाळची गोळी घेऊन निघायचं, पारोळा-एरंडोल करत दुपारी पोचायचं. बसून राहिलं की हे दुखणं वाढतं आणि हालचालीने उतरतं, म्हणून मी एसटीत जागा असूनही बराच वेळ उभी असते (कंडक्टरला हे कोडं अजून सुटलेलं नाही). दवाखान्यात पोचेपर्यंत अंग सुटलेलं असतं. त्या क्षणाचं दुखणं सांगितलं तर आकडा २.६ येतो. त्याच आठवड्याचं खरं मांडलं तर थकवा ६, पाठ ७, बाकीचे सांधे २, दाबल्यावर ३, आखडणं ८ आणि त्याची वेळ तासभर म्हणून ५. गणित करून बघा, ४.९ होतात. बाई तीच, आठवडा तोच. एका आकड्यावर डॉक्टर म्हणतील छान चाललंय, दुसऱ्यावर औषध बदलतील. म्हणून रोज रात्री दोन ओळी वहीत टिपा, दुखण्याची गोळी घेतली असेल तर तीही. मात्र खरा आकडा यावा म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. आमच्याकडे कंबर दुखणं हा बाईच्या जातीचा भाग समजतात. बाळंतपणावर ढकललं की विषय संपला. "सकाळी किती वेळ आखडतं?" असं विचारलं तर पटकन उत्तर येतं, "उठलं की कामाला लागावंच लागतं." हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. भाकरीचं पीठ मळायला वाकताना त्रास कधीपर्यंत होतो, ते घड्याळ बघून सांगा. आणि सोबत आलेल्या माणसाला तुमच्या वतीने बोलू देऊ नका. "आता बरंय तिला" हे वाक्य मी दवाखान्याच्या बाकावर बसून इतक्यांदा ऐकलंय की राग येतो.

बास्डायला एक मोठी मर्यादा आहे. दुखणं कशाचं, हे त्याला कळत नाही. रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या मजुराची पाठ ओझ्यानेही दुखेल, आणि आकडा तरीही चढेल. म्हणून बरेच तज्ज्ञ अ‍ॅस्डास हे २००९ मधलं माप वापरतात. त्यात तुमच्या उत्तरांना सीआरपीची जोड असते. १.३ च्या खाली आजार शांत, २.१ पर्यंत सौम्य, ३.५ पर्यंत जास्त, त्यापुढे फार जास्त. उपचारानंतर आकडा निदान १.१ ने उतरला तरच खरी सुधारणा मानतात. आता सुरुवातीचा १.४-१४ चा गोंधळ आठवा. या गणिताला लिटरमागचा आकडा लागतो. माझा ३.५ चा अ‍ॅस्डास चुकीच्या एककामुळे २.६ वर आला असता. मोबाइलवर स्वतः हिशेब करणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं, आणि शक्यतो लॅब एकच ठेवावी.

सीआरपीवर सगळी भिस्तही ठेवू नका. आजार जोरात असतानाही बऱ्याच जणांचा तो नॉर्मल येतो, आणि साधा ताप किंवा हिरडीचा गळू झाला तरी चढतो. आजारपणात रक्त दिलं असेल तर तसं डॉक्टरांना सांगा. एचएलए बी-२७ या जनुकाची तपासणी मात्र दरवर्षी करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ते जन्मजात आहे, बदलत नाही, आणि आजार किती पेटलाय हे त्यातून कळत नाही. ते पैसे वाचवा.

डोळ्याचा प्रश्न या दोन्ही मापांत नाही. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, बहुतेकदा एकाच डोळ्यात. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसतं. डोळे आले असं समजून मेडिकलमधून थेंब आणू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि कण्याचा संधिवात आहे हे त्यांना आधी सांगा.