संदेष्ट्यांना जे पाहायला मिळाले नाही

वाचनभाग : १ पेत्र १:१०-१२, दानीएल ९:१-२ व १२:८-९, मत्तय ११:२-११



संदेष्टे म्हटले की सगळे काही आधीच ठाऊक असलेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. पेत्र मात्र वेगळे सांगतो. ख्रिस्ताची दुःखे आणि त्यानंतरचे गौरव यांविषयी आत्मा त्यांच्याद्वारे बोलत होता, आणि हे केव्हा व कसे घडणार याचा ते स्वतःच कसून शोध घेत होते. जे तोंडाने सांगितले, तेच पुढे विद्यार्थ्यासारखे अभ्यासत बसले.

दानीएलाकडे पाहा. नवव्या अध्यायात तो यिर्मयाचे लेख वाचून यरुशलेमेच्या उजाडीची ७० वर्षे समजून घेतो आहे. एक संदेष्टा दुसऱ्या संदेष्ट्याचे पुस्तक वाचतो! ते लेख टिकले हेही नवलच. यहोयाकीम राजाने हिवाळी महालात शेगडीपुढे बसून यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून कापून जाळली होती. बारूखाला सगळे पुन्हा लिहावे लागले (यिर्मया ३६). शेवटच्या अध्यायात दानीएल सरळ म्हणतो की ऐकले खरे, पण समजले नाही. उत्तर एवढेच मिळते की त्याने आपल्या वाटेने जावे, ही वचने अंतसमयापर्यंत बंद राहतील.

पाड्यावरच्या संध्याकाळच्या वाचनवर्गात हा भाग झाला, तेव्हा दोन वर्षांपूर्वी अक्षरे शिकलेल्या एका मावशीने विचारले, "दानीएलालाच नाही कळलं, तर मला कसं कळणार, ताई?" प्रश्न रास्त होता. दानीएल बुद्धीने कमी नव्हता, भक्तीनेही नव्हता. दिवसातून तीनदा गुडघे टेकणारा माणूस तो. त्याच्याजवळ फक्त गोष्टीचा पुढचा भाग नव्हता. मावशीजवळ तो आहे, कारण तिचा जन्म वधस्तंभ आणि रिकामी कबर यांच्यानंतर झाला. या वचनावर बोलताना आपण संदेष्ट्यांहून थोर ठरलो असा सूर पुष्कळदा लागतो. मला तो पटत नाही. आपल्याला मिळाले ते आपण उशिरा जन्मलो म्हणून.

देवदूतांनाही या गोष्टी न्याहाळून पाहण्याची उत्कंठा आहे, असे पेत्र पुढे म्हणतो. त्याने योजलेल्या ग्रीक शब्दात वाकून डोकावण्याचा अर्थ आहे. योहानाच्या शुभवर्तमानात धावत आलेला शिष्य कबरेत वाकून पाहतो, आणि मरीया रडत रडत वाकते, तिथे हाच शब्द आहे (२०:५ व ११). देवदूत असे डोकावत असताना आपल्या घरी त्याच गोष्टीची दोन-तीन पुस्तके कपाटावर पडून असतात. पाड्यावर चार घरांत मिळून एक प्रत फिरते. तिच्या पानांचे कोपरे हाताळून मऊ झाले आहेत.

संदेष्टे ही सेवा स्वतःसाठी करत नव्हते, तर तुमच्यासाठी, हे पेत्राचे म्हणणे वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. केडगावला इब्री व ग्रीक शिकून त्यांनी साध्या माणसाला कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र आणले, आणि तो पूर्ण ग्रंथ छापून येण्याआधीच, १९२२ साली, त्या प्रभूकडे गेल्या.

आता बाप्तिस्मा करणारा योहान. येणारा तो तूच काय, असे तो तुरुंगातून विचारतो. येशू उत्तरात आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी, बहिरे यांची नावे घेतो, मग मेलेले उठवले जातात असे सांगतो. आपण असतो तर तिथेच थांबलो असतो. येशू त्याच्याही पुढे जातो : गरिबांना सुवार्ता सांगण्यात येते. त्यानंतर तो लोकांना म्हणतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही, तरी स्वर्गाच्या राज्यातला अगदी लहानही त्याच्याहून मोठा आहे.

योहानाला ती शेवटची खूण कोठडीत बसून शिष्यांच्या तोंडून ऐकावी लागली. आपण ती दर बुधवारी संध्याकाळी पाड्यावर पाहतो.